ऊसबिलातून घरचा पगार कसा काढायचा

वाळवा, पलूस, कऱ्हाड, कोरेगाव या पट्ट्यातल्या ऊसवाल्या घराला कुणी 'पगाराचे वीस टक्के आधी बाजूला काढा' असं सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो : कुठला पगार? पैसा हंगामात एकदा येतो, तोही गावच्या विकास सोसायटीच्या पीककर्जाची, पाण्याची, खताची कपात होऊन. मधल्या काळात दहा-दहा दिवसांचं दूधबिल आणि उधारी. आर्थिक नियोजनाचे बहुतेक सल्ले महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होणाऱ्या माणसासाठी असतात. ते इथे लागू करायचे तर आधी एक काम करावं लागतं. आलेल्या बिलातून आपणच आपल्याला दरमहा पगार द्यायचा. हे जमलं तर बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

आधी रक्कम समजून घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागे टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणून सांगली-साताऱ्यात उतारा चांगला असूनही हातात येणारा दर वेगळाच दिसतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यायचं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण घरचं नियोजन त्या १४ दिवसांच्या भरवशावर करू नये. बिल दोन महिने पुढे गेलं तरी घर चाललं पाहिजे, असाच हिशेब मांडावा.

उदाहरणासाठी एक घर धरू : नवरा-बायको, दोन मुलं, एक आजी. तीन एकर ऊस, दोन दुभत्या म्हशी. एकरी सरासरी ४५ टनाने १३५ टन, हातातला दर ३,३०० रुपये. बिल झालं ४,४५,५०० रुपये. ही रक्कम खात्यावर दिसली की मोबाईल घ्यावा, गाडी बदलावी, असं वाटायला लागतं. आता त्यातून एकेक वजा करत जाऊ.

सोसायटीचं पीककर्ज १,२०,००० रुपये. बहुतेक वेळा ते बिलातूनच कापलं जातं. पुढच्या पिकासाठी पुन्हा तेवढंच कर्ज उचलायचं आणि ते फक्त लागण, खत, मजुरीला लावायचं. गफलत नेमकी इथे होते. नवं कर्ज खात्यावर आलं की ते घरखर्चात मिसळतं, मग भरणीच्या वेळी खतासाठी दुकानदाराची उधारी चढते. उधारीच्या पोत्याचा दर रोखीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे शून्य व्याजाचं कर्ज शेवटी महागात पडतं. पीककर्जाचं खाते आणि घरखर्चाचं खाते वेगळं ठेवण्याचं कारण एवढंच आहे.

उरले ३,२५,५००. यातून वर्षातून एकदाच येणारे खर्च काढू : टर्म विम्याचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा) हप्ता १५,०००, आरोग्य विमा २०,०००, शाळा-कॉलेजची फी ४०,०००, दिवाळी २०,०००, गावची जत्रा आणि पै-पाहुणे १०,०००, गाडीचा विमा ५,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००. एकूण १,१५,०००. हे खर्च 'अचानक' येत नाहीत, त्यांचे महिने ठरलेले असतात. जूनमध्ये शाळा उघडते हे जानेवारीतही माहीत असतं, तरी जूनमध्ये सोनं तारण ठेवायला रांग लागते.

उरले २,१०,५००. घराचा महिन्याचा खर्च १८,००० धरला आणि पेंड-कडबा जाऊन दुधाचे ७,००० उरत असतील, तर दरमहा ११,००० कमी पडतात. बारा महिन्यांचे १,३२,०००. हाच आपला पगार. तो बाजूला काढल्यावर राहिले ७८,५००. त्यातले ४०,००० वाईट वर्षासाठी ठेवले की लांब पल्ल्याच्या गुंतवणुकीला उरतात ३८,५००. साडेचार लाखांच्या बिलातून खऱ्या अर्थाने मोकळा पैसा एवढाच. ट्रॅक्टरचा किंवा चारचाकीचा हप्ता ठरवताना ४,४५,५०० कडे न बघता या आकड्याकडे बघावं. तीन एकरांवर ट्रॅक्टर मला तरी कधीच परवडणारा वाटत नाही. भाड्याने नांगरट स्वस्त पडते.

आता या हिशेबातली सगळ्यात मोठी चूक पाहू. वर्ष बारा महिन्यांचं असतं, ऊस नसतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली लांब मुदतीची लागण जुलै २०२५ मध्ये केली, तर १६ ते १८ महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ दरम्यान तोड येते. बिल जानेवारीत धरू. मग खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) ठेवला, तो गेला फेब्रुवारी २०२८ ला, बिल मार्चमध्ये. इथपर्यंत बरं चाललं, दोन बिलांत चौदा महिन्यांचं अंतर. पण खोडवा काढून रान मोकळं केलं आणि जुलै २०२८ मध्ये पुन्हा आडसाली केली, तर पुढचं बिल जानेवारी २०३० च्या आसपास. खोडव्याच्या बिलानंतर बावीस महिने! मधलं एखादं सोयाबीन किंवा भुईमूग थोडा आधार देतं, पण बावीस महिन्यांचा पगार २,४२,००० होतो आणि आपल्याकडे उरले होते २,१०,५००. वरून दुसऱ्या वर्षाची फी आणि विमा वेगळा, आणि खोडव्याचं टनेज लागणीपेक्षा कमीच असतं. कितीतरी घरं याच फटीत कर्जात शिरतात आणि दोष मात्र दराला देतात.

उपाय शेतातच आहे. सगळं रान एकाच वेळी लागणीला आणू नये. तीन एकरांचे दोन तुकडे करावेत, एकात लागण असेल तेव्हा दुसऱ्यात खोडवा यावा, म्हणजे प्रत्येक हंगामात काही ना काही तुटतं. नांगरट, बेणं, पाणी यांच्या सोयीसाठी एकत्र लागण बरी पडते हे खरं. पण त्या सोयीची किंमत घरखर्चातून जाते. आधीच एकत्र लागण झाली असेल तर एक तुकडा पूर्वहंगामी किंवा सुरू या आडसालीनंतरच्या लागणींवर टाकून फेर बदलता येतो. आणि खोडव्याच्या बिलावर कुठलीही मोठी खरेदी ठरवू नये.

कारखान्याच्या तोडणीच्या पाळीपत्रकात तुमचा नंबर कधी येतो, हेही त्याच्या गट ऑफिसातून आधी विचारून ठेवावं. नोंद लागणीच्या तारखेनुसार असते. नोंद उशिरा केली की तोड मार्च-एप्रिलपर्यंत लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटतं. ऊसतोड टोळीला वरून द्यावी लागणारी खुशाली आणि वाहतुकीच्या वेळचा वरखर्च यासाठी एकरी रक्कम आधीच धरून चाला, ती बिलाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

पगार प्रत्यक्षात कसा काढायचा? बिल ज्या खात्यावर येतं त्याचं एटीएम कार्ड आणि मोबाईलवरचं यूपीआय बंद. घरखर्चाचं दुसरं खातं काढायचं, आणि पहिल्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला ११,००० रुपये तिकडे जातील अशी बँकेला कायमची सूचना द्यायची. घर ज्यांच्या हातात चालतं, त्यांच्या नावावर हे दुसरं खातं असलेलं बरं.

राहिलेली रक्कम नुसती बचत खात्यात पडून राहू नये म्हणून अकरा एफडी करता येतात. पहिल्या महिन्याचे ११,००० हाताशी, उरलेल्या अकरा महिन्यांसाठी प्रत्येकी ११,००० च्या अकरा एफडी, मुदत एक महिना, दोन महिने, अशी अकरापर्यंत. मोबाईल बँकिंगवर अर्ध्या तासाचं काम. यात एक ठरलेली चूक होते : एफडी उघडताना 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'बचत खात्यात जमा' करावा लागतो. नाहीतर जुलैचा पगार पुन्हा एफडीत जाऊन बसतो, मग मोडायचा दंड.

दुसरा मार्ग लिक्विड फंडाचा, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या म्युच्युअल फंडाचा. सगळी रक्कम एकदा भरायची आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम खात्यावर यायची सोय लावायची, तिला एसडब्ल्यूपी म्हणतात. सात दिवसांनंतर पैसे काढायला दंड नाही आणि सहसा पुढच्या कामाच्या दिवशी पैसे मिळतात. परतावा हमीचा नसतो, आणि नफा तुमच्या उत्पन्नात धरून करपात्र असतो. म्युच्युअल फंडाची सवय नसलेल्या घराने पहिल्या वर्षी एफडीच करावी. पगाराच्या पैशात नवीन प्रयोग नको.

पगाराच्या पैशाला पतसंस्था नको, हे मी जरा ठामपणे सांगेन. आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, अर्धा-एक टक्का व्याज जास्त देतात आणि संचालक ओळखीचे असतात. पण ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण फक्त बँकांना आहे. राष्ट्रीयीकृत, खासगी, जिल्हा मध्यवर्ती, नागरी सहकारी, या सगळ्या बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, मल्टिस्टेट पतसंस्थाही नाहीत. साखर कारखान्याने बिलातून कापलेली ठेवही नाही, मग ती परतीची असो की बिनपरतीची. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि ही मर्यादा एका बँकेत एका माणसाला आहे. चार शाखांत खाती असली तरी बेरीज एकच. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये कऱ्हाड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे. पतसंस्था अडचणीत आली तर अशी कुठलीच मुदत नसते. भिशीचंही तेच. भिशीत पैसे ठेवायचे तर सगळे सभासद पुढच्या हंगामापर्यंत गावात राहतील एवढी खात्री हवी, आणि लिलाव भिशीत पहिल्या तीन-चार बोल्या लावणारा माणूस बहुधा आधीच कुठेतरी अडकलेला असतो.

सोसायटीकडे परत येऊ. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राच्या सवलतीत राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची भर पडून व्याज शून्यावर येतं. एवढं स्वस्त कर्ज दुसरीकडे कुठेच मिळत नाही. तरीही पुष्कळ घरं दरवर्षी 'नवं-जुनं' करतात : मुदतीच्या आठवड्यात कुणाकडून तरी उसने घेऊन जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं आणि उसने परत करायचे. कागदावर कर्ज नियमित दिसतं, व्याज सवलतही मिळते. पण उसने देणारा सावकार महिन्याला दोन-तीन टक्के घेतो, आणि आठ दिवसांसाठीही पूर्ण महिन्याचे. १,२०,००० वर ३ टक्क्यांनी ३,६०० रुपये. शिवाय नव्या कर्जातून पिकासाठी काहीच उरत नाही, कारण ते त्याच दिवशी सावकाराकडे जातं. यातून बाहेर पडायचं तर दोन-तीन हंगामांत विभागून : वाईट वर्षासाठीचे जे ४०,००० म्हटलं, ते पहिल्या वर्षी इकडे वळवा, सावकाराकडून ८०,०००च घ्या. पुढच्या हंगामात ४०,०००. तिसऱ्या हंगामात त्याची गरज उरत नाही. मुदतीची नेमकी तारीख सचिवाकडून लिहून घ्यावी. बिलातून कपात होणार म्हणून निर्धास्त राहिलं आणि कारखान्याची रक्कम सोसायटीत चार दिवस उशिरा पोचली, तरी थकबाकी तुमचीच दिसते.

कर्जमाफी येईल म्हणून थांबणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. २०१७ ला आली, २०१९ ला आली, हे खरंच आहे. फक्त थांबलेल्या काळातलं व्याज आणि बंद झालेलं नवं कर्ज यांचाही हिशेब वहीत मांडावा.

विमा. बँकेतला ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा घरातल्या प्रत्येक पात्र माणसाचा असावा. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं. त्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे, हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो. आणि मे अखेरीस ऊसवाल्याचं खातं रिकामं असतं. विमा सगळ्यात जास्त बंद पडतो तो याच कारणाने, घरच्यांना ते कळतं दावा करायला गेल्यावर. पगाराच्या खात्यात मे महिन्याला ५०० रुपये जादा टाकायची सूचना आताच करून ठेवा. दोन बँकांत हप्ता कापला गेला म्हणून पैसे दुप्पट मिळत नाहीत.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, सर्पदंश आणि विजेचा धक्का धरून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुखवट्याच्या दिवसांत ही मुदत निघून जाते, म्हणून भाऊबंदांपैकी एकाला ती माहीत असावी. सर्पदंशात शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला की पुराव्याची अडचण होते.

खरी गरज टर्म विम्याची. ४,४५,५०० मिळवणाऱ्या हाताच्या जागी २ लाख पुरत नाहीत. पण ५० लाखांच्या टर्म विम्याला कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि शेतकऱ्याकडे आयकर विवरणपत्र नसतं. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरता येतं. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, कारखान्याची बिलं आणि जमिनीचा ८अ उतारा असला की काम सोपं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. हप्ता वार्षिक ठेवा आणि पॉलिसी बिलाच्या महिन्यात सुरू करा, मासिक ठेवला की एप्रिल-मेमध्ये चुकतोच. पाहुण्यातल्या एजंटाने दिलेली बचतीची पॉलिसी म्हणजे टर्म विमा नव्हे. त्यात वर्षाला ३०,००० भरूनही संरक्षण काही लाखांचंच असतं.

नदीकाठच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेने काय केलं ते सांगलीला सांगायला नको. आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर होतं. 'भारत गृह रक्षा' ही २०२१ पासूनची प्रमाणित पॉलिसी पूर धरून आहे. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानालाही संरक्षण आपोआप मिळतं. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरायची असते, जागेची किंमत त्यात येत नाही. दागिन्यांचं वेगळं बघावं लागतं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला किल्ली मारू नका. पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात बसत नाही.

राहिले ३८,५००. इथे साधन निवडताना परताव्याआधी बघायचं की त्याला एकगठ्ठा पैसा चालतो का. आरडी, मासिक एसआयपी यांना चालत नाही. खातं रिकामं असलं की बँक दरवेळी दंड लावते, आणि सलग तीन हप्ते चुकले की मासिक एसआयपी रद्द होते. पीपीएफला चालतो : वर्षात किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, कधीही, एकदाच भरा. सध्या ७.१ टक्के. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. दरवर्षी ३८,५०० एप्रिलच्या ५ तारखेआधी भरले आणि दर हाच राहिला, तर पंधरा वर्षांनी सुमारे १० लाख ४४ हजार होतात. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर आधी सुकन्या, तिथे ८.२ टक्के आहेत आणि वार्षिक मर्यादा तेवढीच. शेअर बाजारात काही टाकायचं असेल तर लिक्विड फंडात एकदा भरून तिथून दरमहा इंडेक्स फंडात वळवता येतं, त्याला एसटीपी म्हणतात. रिकाम्या खात्याचा प्रश्नच येत नाही.

सोन्याबद्दल विट्या-खानापूरच्या मंडळींना काय सांगायचं, देशभर सोन्याची गलाई तेच करतात. फक्त घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही, म्हणून अंगावर घालायचा दागिना गुंतवणुकीत मोजू नये.

करात एकच गोष्ट अडकवते. उसाचं उत्पन्न करमुक्त, पण त्याच पैशाच्या एफडीचं व्याज करपात्र. एका बँकेतलं व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं (साठीच्या पुढे १ लाख) तर टीडीएस कापला जातो, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. कुपवाड एमआयडीसीत नोकरी आणि नावावर रान, अशा मुलाचा पगार करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर त्याचं शेतीचं उत्पन्नही कराचा दर ठरवताना धरलं जातं.

शेवटचं काम कागदांचं. ऊस नोंद, कारखान्याचं सभासदत्व, सोसायटीचा शेअर आणि बिलाचं खातं ही चारही बहुतेक घरांत एकट्या वडिलांच्या नावावर असतात. हंगामात त्यांचं काही बरंवाईट झालं तर ऊस जातो, पण बिल खात्यात अडकतं. प्रत्येक ठिकाणी वारसदार वेगळा नोंदवावा लागतो. बँकेत केलेली नोंद कारखान्याला चालत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, टक्केवारीसह. सातबारावरची वारस नोंद याहून निराळी, तिचा अर्ज तलाठ्याकडे. रानाची वाटणी झालेली असेल तर पुढच्या लागणीपासून ऊस नोंद ज्याच्या-त्याच्या नावावर करून घ्यावी, म्हणजे बिलं वेगवेगळ्या खात्यांवर येतात आणि ५ लाखांची विमा मर्यादाही प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. नोंदीच्या वेळी चिटबॉयला (नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स एकदमच द्या. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर बिल दुसऱ्याच्या नावावर जातं आणि ते परत आणायला गट ऑफिसच्या महिनाभर खेपा होतात.